इंग्रजी कुणाच्या मायची?

"सर, तुमचं इंग्लिश एक्सलंट आहे. पण तुम्ही नेटिव्ह नाही."

मोबाइलच्या पडद्यातून एक बाई मला हे इंग्रजीत सांगत होती. बाई बँकॉकच्या कुठल्याशा एजन्सीची. मी आमच्या चेंबूरच्या दहा बाय बाराच्या खोलीत. वर इस्त्रीचा शर्ट आणि टाय, खाली लुंगी. मागं दोरीला पांढरी चादर टांगलेली, भिंतीची ओल दिसू नये म्हणून. पंखा बंद, कारण त्याचा खडखडाट ऐकू जातो. घाम निथळतोय आणि मी हसतोय. नोकरी मागणाऱ्याला हसावंच लागतं, दोस्तांनो.

मी विचारलं, नेटिव्ह म्हंजे काय? बाई म्हणाली, ज्याची जन्माची भाषा इंग्रजी, तो. मी म्हटलं, मग परीक्षा घ्या. व्याकरण घ्या, उच्चार घ्या, निबंध घ्या. समोर पोरं बसवा आणि तास घ्यायला लावा. बाई गोड आवाजात म्हणाली, "तो प्रश्न नाही सर. पालकांना नेटिव्ह लागतो."

म्हंजे परीक्षेनं मिटणारी ही गोष्ट नाही. शिकून मिळणारी नाही. घासूनपुसून जाणारी नाही. जन्मानं मिळते, जन्मानंच नाकारली जाते, आणि का म्हणून विचारलं तर उत्तर येतं : आमचं काही नाही हो, लोकांना चालत नाही.

हे वाक्य मी कुठं ऐकलंय? अख्खं आयुष्य ऐकतोय. भाड्याची खोली बघायला गेलो की आडनाव ऐकून घरमालक हेच म्हणतो. आमचं काही नाही हो, सोसायटीला चालत नाही. मायला कामावर ठेवताना बाई हेच म्हणायची. माझं काही नाही गं, सासूबाईंना चालत नाही. जातीचं हे सगळ्यात सभ्य वाक्य. आजवर ते मराठीत ऐकलं, आता इंग्रजीत ऐकलं, एवढाच काय तो फरक.

म्हणून लिहायला बसलोय. नेटिव्ह स्पीकर ही भाषेतली गोष्ट नाही. नेटिव्ह स्पीकर ही जात आहे. जगाच्या बाजारात इंग्रजीचा जो धंदा चाललाय, त्या धंद्यातली ती सवर्ण जात आहे. आणि आपली पोरं हजारो रुपये मोजून त्या जातीच्या दारात उभी राहायला निघालीत. मीही निघालो होतो. मी काही शहाणा म्हणून सांगत नाही, ठेच लागली म्हणून सांगतोय.

माझी हकीकत थोडक्यात अशी. बाप महापालिकेत सफाई कामगार. माय चार घरची धुणीभांडी करायची. शाळा म्युनिसिपालिटीची, मराठी. एबीसीडी पाचवीत. म्हंजे जेव्हा कॉन्व्हेंटची पोरं इंग्रजीत भांडत होती तेव्हा मी स्मॉल आर कसा काढायचा ते गिरवत होतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर बापानं मला बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनाचा पहिला खंड घेऊन दिला. राज्य शासन १९७९ पासून छापतंय ते खंड. बापाला एक अक्षर कळत नव्हतं. म्हणाला, "आरं, सायबानं लिवलंय, तू वाच आन मला सांग." लाहोरच्या मंडळानं जे भाषण होऊ दिलं नाही आणि बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतःच्या खर्चानं छापलं, त्या जातिनिर्मूलनाच्या भाषणावर मी इंग्रजी शिकलो. एका पानाला तीसदा डिक्शनरी. रात्री बापाला मराठीत सांगायचो. तो म्हणायचा, पुन्यांदा सांग.

ही माझी इंग्रजी. ती मला कुणी पाळण्यात गाऊन दिली नाही.

पुढं इंग्रजीत एम.ए. केलं. नोकरी लागली ती तासिका तत्त्वावर. जे कॉलेजात आहेत त्यांना हा शब्द सांगायला नको. तास घेतला तर पैसे, सुट्टी पडली तर उपास. जूनमध्ये शिकवलेल्या तासाचे पैसे दिवाळी उलटून गेली तरी हातात नाहीत. दरवर्षी नवी मुलाखत, दरवर्षी नवी लाचारी. कायम जागा निघाली तर संस्थाचालक रेट सांगतो. तो रेट ऐकला की आमच्या वस्तीतल्या सगळ्या खोल्या विकल्या तरी पुरे पडणार नाही असं वाटतं.

अशात कुणीतरी सांगितलं, अरे इथं काय मरतोस? कोरिया, थायलंड, व्हिएतनाम, चीन, तिकडं इंग्रजी शिकवायला माणसं पाहिजेत. एकशेवीस तासांचं टेफलचं सर्टिफिकेट घ्यायचं, की झालं. टेफल म्हंजे परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण. मायनं भिशी उचलली. मी सर्टिफिकेट घेतलं. एकशेवीस तासांत एकही जिवंत पोरगं समोर आलं नाही, सगळं मोबाइलवर टिचक्या मारून. केंब्रिजचा सेल्टा नावाचा कोर्स आहे, त्यात खरोखरीच्या विद्यार्थ्यांपुढं सहा तास शिकवून दाखवावं लागतं, वर परीक्षक बसतो. तो चांगला. पण त्याची फी लाखावर जाते. म्हंजे जे खरं आहे ते महाग आणि जे परवडतं ते कागद. आपल्या नशिबी कागद.

कागद घेऊन मी बाजारात उतरलो आणि मग एकेक दरवाजा कळत गेला.

पहिला दरवाजा पासपोर्टचा. दक्षिण कोरियाचं बघा. तिथं खासगी इंग्रजी क्लासांचं पेव फुटलंय. पगार वीस-एकवीस लाख वॉनच्या पुढं, म्हंजे आपले सव्वा लाखाच्या आसपास, वर राहायला खोली. पण त्या नोकरीचा जो व्हिसा आहे, ई-टू नावाचा, तो सात देशांच्या नागरिकांसाठी. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. या सातांपैकी पासपोर्ट असला की पदवी कुठलीही चालते. माणूस भूगर्भशास्त्र शिकलेला असो की हॉटेलचं मॅनेजमेंट, वर्गात उभा राहू शकतो. त्याला कुणी विचारत नाही की बाबा, तू कुणाला कधी काही शिकवलंयस का? त्याची लायकी त्याच्या जन्मात आहे. पुरोहिताला मंत्राचा अर्थ विचारतात का कुणी?

या सातांतही पोटजाती आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या माणसाला सिद्ध करून द्यावं लागतं की त्याचं शिक्षण सातवीपासून इंग्रजीतून झालंय. कॅनडाच्या क्वेबेकमधल्या माणसालाही तेच. म्हंजे सोवळ्यातही कमी-जास्त सोवळं आहेच.

आणि आपण? भारताचा आणि कोरियाचा आर्थिक भागीदारीचा करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यात भारतीयांसाठी एक फट ठेवलीय. आपल्या माणसाला तिथल्या शाळेत इंग्रजीचा सहायक शिक्षक म्हणून जाता येतं. नीट वाचा, सहायक. त्यासाठी पदवी पाहिजे, वर इंग्रजी विषयाची शिक्षकाची सनद पाहिजे. म्हंजे भूगर्भशास्त्रवाला गोरा पूर्ण मास्तर, आणि इंग्रजी शिकलेला, शिकवण्याची सनद घेतलेला आपला माणूस त्याचा मदतनीस. खासगी क्लासाची वाट बंद. याला म्हणतात देवळात प्रवेश. पायरीपर्यंत या, गाभाऱ्यात नको.

मी बी.एड. नाही, म्हणून मी या फटीतूनही जाऊ शकत नाही. माझा एक दोस्त जाऊ शकत होता. बी.ए., बी.एड., दोन्ही इंग्रजीत, फर्स्ट क्लास. त्यानं कागद जमवले. डिग्रीवर मंत्रालयाचा शिक्का, परराष्ट्र खात्याचा शिक्का. राहिलं पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र. तिथं घोडं अडलं. भीमा कोरेगावच्या हल्ल्यानंतर ३ जानेवारी २०१८ ला महाराष्ट्र बंद झाला, त्या दिवशी हा रस्त्यावर बसला होता. दगड नाही, काठी नाही, बसला होता. गुन्हा दाखल. केस चालू. चारित्र्य नाही. त्याच्या आधीच्या पिढीनं मोर्च्यात पोलिसांचा मार खाल्ला, या पिढीला मार नाही, फॉर्ममधला एक रकाना रिकामा ठेवतात. तो आता स्कूटरवरून लोकांच्या घरी जेवणाचे डबे पोचवतो आणि सिग्नलला थांबला की माझ्याशी इंग्रजीत बोलतो. म्हणतो, गंज चढू नये म्हणून.

दुसरा दरवाजा फोटोचा. हा पासपोर्टपेक्षा कडू. कारण पासपोर्टचा निदान नियम लिहिलेला असतो. फोटोचा नियम कुणी लिहीत नाही. नोकरीच्या अर्जाला फोटो जोडा म्हणतात आणि फोटो गेला की उत्तर येत नाही. या दरवाज्यात ते सात पासपोर्टही आपटतात. अमेरिकेचा काळा माणूस, दक्षिण आफ्रिकेची काळी बाई, लंडनमध्ये जन्मलेला आपल्याच रंगाचा पोरगा, यांचा पासपोर्ट पास होतो आणि चेहरा नापास होतो. त्यांनी हे ठिकठिकाणी लिहून, बोलून ठेवलंय. म्हंजे बोंब भाषेची नाहीच. पालकाला जाहिरातीत गोरं तोंड दाखवायचं असतं. इंग्रजी हा माल नाही, गोरेपण हा माल आहे.

थायलंडमध्ये याची उतरंड स्वच्छ दिसते. सगळ्यात वर गोरा नेटिव्ह. त्याच्याखाली युरोपातला गोरा, ज्याची मातृभाषा इंग्रजी नाही पण कातडं बरोबर आहे. त्याच्याखाली फिलिपिनो. त्याच्या आसपास किंवा खाली आफ्रिकेतला आणि आपण. एकाच शाळेत, एकाच वर्गाला, एकच पुस्तक शिकवायचं आणि पगार मात्र उतरंडीप्रमाणं. नेटिव्ह नसलेल्यानं टोइकसारख्या परीक्षेत सहाशे मार्क आणून दाखवायचे. नेटिव्हनं काहीच दाखवायचं नाही.

फिलिपिनो बाईची गोष्ट तर ऐका. १९०१ साली अमेरिकेनं थॉमस नावाच्या जहाजातून पाचशेच्या आसपास मास्तर मनिलाला उतरवले. जिंकलेल्या लोकांना इंग्रजी शिकवायला. चार-पाच पिढ्या शिकवलं. शाळा इंग्रजी, कोर्ट इंग्रजी, कायदा इंग्रजी. आणि आज त्याच शिकलेल्यांची पणती बँकॉकला मास्तरीण म्हणून गेली की तिला सांगतात, बाई, ही भाषा तुझी नव्हे. लादताना तुमची, कमावताना आमची. वा रे न्याय! ढोर ओढताना आम्ही, कातड्याचा पैसा दुसऱ्याचा, त्यातलीच ही गत.

बाबासाहेबांनी याला नाव देऊन ठेवलंय, श्रेणीबद्ध विषमता. नुसती वरची आणि खालची असती तर खालच्यांनी एक होऊन वरच्याला खेचलं असतं. पण प्रत्येकाच्या खाली कुणीतरी ठेवलेला असतो. म्हणून रशियन माणूस फिलिपिनोकडं बघून खूश, फिलिपिनो भारतीयाकडं बघून खूश, भारतीय नायजेरियनकडं बघून खूश. उतरंड टिकते ती वरच्याच्या जोरावर नाही, मधल्यांच्या समाधानावर.

ही नेटिव्हची भानगड आली कुठून? आकाशातून पडलेली नाही. १९६१ साली युगांडात मकेरेरे इथं कॉमनवेल्थची परिषद भरली, इंग्रजी दुसरी भाषा म्हणून कशी शिकवायची यावर. ब्रिटिश साम्राज्य गुंडाळलं जात होतं, युगांडाचं स्वातंत्र्य जवळ आलं होतं. रॉबर्ट फिलिप्सन नावाचा अभ्यासक आहे, ब्रिटिशच. त्यानं १९९२ साली भाषिक साम्राज्यवादावर पुस्तक लिहिलं आणि या परिषदेतून पक्क्या झालेल्या पाच समजुती एकेक करून फोडल्या. इंग्रजी फक्त इंग्रजीतूनच शिकवावी. आदर्श शिक्षक म्हंजे नेटिव्ह. जितकी लवकर तितकी चांगली. जितकी जास्त तितकी चांगली. दुसऱ्या भाषा वापरल्या तर दर्जा घसरतो. पाचही खोट्या, असं त्यानं दाखवलं. पण या पाच खोटेपणांवर पुस्तकं खपली, परीक्षा खपल्या, गोऱ्या मास्तरांना दुनियाभर नोकऱ्या मिळाल्या. झेंडा उतरला, दुकान राहिलं.

शिक्षकांच्या टेसॉल या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २००६ साली जाहीर ठराव केला की नेटिव्ह-अनेटिव्ह असा भेदभाव करू नये. छान. ठराव आहे. आपल्याकडं संविधानाचं सतरावं कलम आहे, म्हणून काय गावची विहीर लगेच उघडली?

आता ज्ञानाचं बोला. नेटिव्ह चांगलं शिकवतो हे कुणी ठरवलं? माझं आव्हान आहे. इंग्रजीतलं "द" कुठं लावायचं आणि कुठं नाही, हे कुठल्याही लंडनवाल्याला विचारा. तो म्हणेल, कानाला बरं वाटतं तिथं. त्याचा कान आईच्या पोटापासून तयार झालाय, त्याला नियम शोधावाच लागला नाही. मराठीत "द" नाही. थाईत नाही, कोरियनमध्येही नाही. मी त्या "द"ला दहा वर्षं ठेचकाळलोय. कुठं ठेच लागते, का लागते, पाय कुठं टाकायचा, हे मला माहीत आहे. कोरियन वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच. मी भात खातो, आधी मी, मग भात, मग खाणं. शब्दाला लागणारे प्रत्यय मागून, आपल्यासारखेच. मोठ्या माणसाशी बोलताना क्रियापद बदलतं, आपल्या ये आणि या सारखं. म्हंजे कोरियन पोरगं इंग्रजीकडं निघतं ते जवळपास माझ्याच गल्लीतून. वाटेतले खड्डे मला पाठ आहेत. गोरा त्या वाटेनं कधी चाललाच नाही, तो त्या गावातच जन्मला. गावात जन्मलेला माणूस परक्याला वाट सांगू शकतोच असं नाही. हंगेरीच्या पेतेर मेदजेशनं १९९४ सालच्या पुस्तकात अशा शिकून झालेल्या मास्तरांची बाजू मांडलीय. पण दोस्तांनो, हे कळायला मला पुस्तक लागलं नाही. माझी जीभ पुरे आहे.

इथवर वाचून इथले काही सवर्ण बंधू टाळ्या वाजवतील. वा, साम्राज्यवादाला काय हाणलंय! थांबा. तुमच्याकडंच येतोय.

माझ्या ऑनलाइन कोर्सात पुण्याचे एक गृहस्थ होते. कॉन्व्हेंट, फर्ग्युसनचा रस्ता, घरात तीन पिढ्या इंग्रजी. त्यांनाही बँकॉकनं नाही म्हटलं, मलाही नाही म्हटलं. दोघांचे अर्ज एका टोपलीत. शतकानुशतकं जे झालं नाही ते गोऱ्यानं एका ईमेलमध्ये करून दाखवलं, त्यांना आणि मला एका पंगतीला बसवलं. मला क्षणभर मजा वाटली, खोटं कशाला बोलू? मग त्यांचा फोन आला. गृहस्थ संतापले होते. म्हणाले, "हा सरळसरळ रेसिझम आहे. आपल्यासारख्या वेल-एज्युकेटेड लोकांना हे कोणाच्या लाइनीत बसवतात?" मी विचारलं, कोणाच्या लाइनीत सर? ते गप्प झाले. मग म्हणाले, "तसं नाही हो. पण माझं ॲक्सेंट तरी न्यूट्रल आहे."

बघा. त्यांना उतरंड मोडायची नव्हती. त्यांना आपलं मडकं एक थर वर पाहिजे होतं.

हेच लोक इथं मुलाखतीला बसतात. माझा "व" आणि "व्ह" ऐकून ओठ मुडपतात. उमेदवाराचं सब्जेक्ट चांगलं आहे पण बॅकग्राउंड जाणवतं, असं शेरा मारतात. बॅकग्राउंड म्हंजे काय ते आम्हाला कळतं. हे आजचं नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं, त्याचं कौतुक शाळेत आम्हाला शिकवलं. त्याच शास्त्रीबुवांनी जोतीराव फुल्यांच्या मराठीतल्या व्याकरणाच्या चुका काढून टिंगल केली, ते नाही शिकवलं. मराठीतही आम्ही नेटिव्ह नव्हतो! मायबोलीतही आमचा उच्चार अशुद्ध. ण आणि न वरून ज्यांनी आमची जात ओळखली, त्यांनी बँकॉकमध्ये जाऊन समतेच्या गोष्टी कराव्यात? गोरा तुम्हाला जे करतो ते तुम्हीच आम्हाला केलंत. तुम्हाला पहिल्यांदाच झालं म्हणून एवढं दुखलं.

आणि आता आपल्या घरात. इतरांना शिव्या देणं सोपं. आपल्या पोरांना चार शब्द कोण सांगणार?

सावित्रीबाईंनी १८५४ सालच्या काव्यफुलेत इंग्रजी शिका असं सांगितलं, ते खरं. उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरी जिल्ह्यातल्या बांका गावी २०१० साली आपल्या लोकांनी इंग्रजी देवीच्या देवळाचा पायाही घातला. त्यामागची भूक मी समजू शकतो. पण देवी केली की पुजारी येतो, दोस्तांनो. आणि पुजारी आलाच. आज वस्तीच्या नाक्यावर तो पाटी लावून बसलाय. आयईएलटीएस, टेफल, फॉरेन जॉब, शंभर टक्के प्लेसमेंट. त्याच्या केबिनमध्ये बाबासाहेबांचाही फोटो असतो. ठाण्याच्या अशाच एका केबिनमध्ये मला सल्ला मिळाला : "सर, फोटो जरा गोरा करून देतो. आणि विचारलं तर सांगा, बालपण साऊथ आफ्रिकेत गेलं." म्हणाला, सगळे करतात.

सगळे करतात. आडनाव बदलून पुण्यात खोली घेणारे आपलेच आहेत, मी त्यांना दोष देत नाही, पोटापुढं कुणाचं चालतं? पण जात लपवून मिळालेली खोली ही रोज रात्री कडी तपासून झोपायची खोली असते. ती नोकरीही तशीच. रोज वर्गात जाताना स्वतःला घरी ठेवून जायचं.

म्हणून काही रोकड्या गोष्टी सांगतो, भाषण पुरे. एजंटाला पैसा देण्याआधी परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेटवर त्याची नोंदणी बघा. १९८३ च्या कायद्यानं नोंदणीशिवाय त्याला परदेशी नोकरीसाठी माणसं भरता येत नाहीत. टुरिस्ट व्हिसावर जा, तिथं गेल्यावर वर्क परमिट करू, असं म्हणणाऱ्याच्या केबिनमधून उठून या. २०२२ च्या सप्टेंबरात परराष्ट्र खात्याला इशारा काढावा लागला, कारण थायलंडमध्ये कॉम्प्युटरची नोकरी म्हणून नेलेली आपली तरुण पोरं म्यानमारमध्ये कोंडली गेली आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपली गेली. त्यांचाही व्हिसा असाच होता. नेटिव्ह ओन्ली लिहिलेल्या जाहिरातीला अर्जाची फी भरू नका, ती फी भीक मागण्याची फी आहे. स्वस्त कागदांवर पैसा घालण्यापेक्षा तो बी.एड.कडं वळवा. खरी सनद असली तर उद्या फट रुंद करण्यासाठी भांडता येतं, कागदावर भांडता येत नाही. आणि आंदोलनातल्या केसेस अंगावर असलेल्या पोरांच्या केसेस कशा निघतील, हे चळवळीनं आपलं पहिलं काम समजावं. नुसता जयजयकार करून पोराला पासपोर्ट मिळत नाही.

सरकारला एवढंच विचारायचंय. दुनियेशी करार करताना आपला माणूस सहायक म्हणूनच का विकता? इंग्रजी येते की नाही हे परीक्षेनं ठरवा, पासपोर्टनं नको, असं टेबलावर हात आपटून का सांगत नाही? ब्रिटन आपल्या व्हिसासाठी ज्यांना इंग्रजीच्या परीक्षेतून सूट देतं त्या देशांच्या यादीत भारत नाही. दोनशे वर्षांच्या गुलामीचं सर्टिफिकेटही त्यांना पुरत नाही!

काही दोस्त म्हणतील, मग मागणी काय? आम्हालाही नेटिव्ह म्हणा, ही? नाही. मला नेटिव्ह व्हायचं नाही. मला जानव्याची मुंज नको, जानवं तोडायचंय. नेटिव्ह हा शब्दच जाहिरातीतून, व्हिसातून, वर्गातून गेला पाहिजे. भाषा जो राबून मिळवतो त्याची. जमीन कसणाऱ्याची, तशी भाषा कष्टणाऱ्याची. माझी इंग्रजी माझ्या मायच्या भिशीची आहे, बापाच्या "पुन्यांदा सांग"ची आहे. ती कुणाच्या बापाची जहागीर नाही.

त्या दिवशी बाईनं फोन ठेवला. मी टाय सोडला, पंखा लावला. मागची चादर ओढून काढली आणि हबकलो. चादरीमागं ओल होती, आणि ओलीच्या बाजूला बाबासाहेबांची तसबीर होती. बँकॉकच्या एका बाईला बरं दिसावं म्हणून मी कोलंबियाच्या डॉक्टरला चादरीखाली झाकलं होतं. ज्याच्यामुळं मला इंग्रजी आली त्यालाच.

आता चादर टांगत नाही. रोज संध्याकाळी बुद्धविहारात वस्तीतल्या बावीस पोरांना इंग्रजी शिकवतो, फुकट. मराठीतून शिकवतो, मकेरेरेवाल्यांच्या नाकावर टिच्चून. कॅमेऱ्यावर मुलाखत आली तर तसबीर दिसेल अशीच बसतो. अर्ज टाकणं सोडलेलं नाही. लाज सोडलीय.

परवा एका पोरीनं विचारलं, "दादा, माझं इंग्लिश नेटिव्हसारखं कधी होईल?"

म्हटलं, होऊच नको देऊस. तुझ्यासारखं होऊ दे.

जयभीम.